लॅपटॉपचा एक स्क्रू निघत नाही, खाच गोल झालीय. ड्रिल मारू का?

प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षं वापरलेला लॅपटॉप, पंखा घरघरतोय, आत धूळ साचली असणार म्हणून खालचं झाकण उघडायला घेतलं. १० पैकी ९ स्क्रू निघाले. बिजागरीजवळचा दहावा अडला. स्क्रूड्रायव्हर घसरत राहिला आणि खाच गोल झाली. रबरबँड ठेवून फिरवण्याचा उपाय करून झाला, उपयोग झाला नाही. घरात ड्रिल मशीन आहे. मारू का?

आत्ता मारू नका. तो स्क्रू बहुधा ड्रिलशिवाय निघेल, आणि नाहीच निघाला तरी भिंतीला भोकं पाडायचं मशीन त्या कामाचं नाही.

गेली २२ वर्षं मी ठाण्यात लॅपटॉप आणि मोबाइल दुरुस्त करतोय, त्याआधी टेपरेकॉर्डर आणि व्हीसीडी प्लेअर करायचो. असा स्क्रू आठवड्याला तीन-चार वेळा तरी समोर येतो. त्याची वाट ड्रायव्हर पहिल्यांदा घसरतो तेव्हा लागत नाही. पहिल्या वेळी खाचेच्या कडा जेमतेम दबतात. त्यानंतर माणूस चिडतो, तोच स्क्रूड्रायव्हर घेऊन आणखी जोरात फिरवतो, आणि त्या दहा-बारा फेऱ्यांत पोलाद भुशासारखं खरवडून निघतं. म्हणून माझी पहिली विनंती एवढीच आहे की हातातलं खाली ठेवा. उरलेली खाच हेच आता तुमचं भांडवल आहे, ते जपून वापरायचं आहे.

आधी नक्की काय बिघडलंय ते बघू. गिऱ्हाईक सांगतं, ‘स्क्रू गेलाय’. पण या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड असतात आणि तिघांचा इलाज वेगळा. पहिला प्रकार म्हणजे खाच गेली: स्क्रू जागचा हलत नाही, ड्रायव्हर मात्र वरच्या वर फिरतो. दुसरा म्हणजे आटे गेले: ड्रायव्हर नीट बसतो, स्क्रूही फिरतो, पण कितीही फिरवला तरी वर येत नाही. तिसरा प्रकार लॅपटॉपात फार दिसतो. प्लॅस्टिकच्या खांबात गरम करून बसवलेली पितळी नळी असते, आटे तिच्यात असतात. ती नळीच प्लॅस्टिकपासून सुटते आणि स्क्रूबरोबर गोल फिरत बसते. हातात घेताना दुसरा आणि तिसरा प्रकार सारखाच वाटतो.

हे ओळखायला भिंग घ्या. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून वापरा. टॉर्च वरून सरळ न धरता बाजूने, जवळजवळ आडवा धरा, म्हणजे खाचेच्या भिंती सावलीत स्पष्ट दिसतात. मग स्क्रूच्या डोक्यावर बारीक मार्करने एक रेघ काढा, ती रेघ तशीच पुढे झाकणावर न्या आणि ड्रायव्हर फिरवा. दोन्ही रेघा जुळलेल्या राहिल्या तर स्क्रू हललेला नाही, खाच गेलीय. स्क्रूवरची रेघ सरकली तर खाच अजून धरतेय, अडचण खाली आहे. तुमच्या वर्णनावरून तुमचा पहिला प्रकार दिसतो, पण रेघ काढून खात्री करा.

आता खाच गोल होते कशी, तेवढं समजून घ्या. पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. अधिकच्या चिन्हाची ही खाच १९३० च्या दशकात अमेरिकेत ओरेगॉनच्या हेन्री फिलिप्स यांनी कारखान्यांत पोचवली. मोटारगाड्या जोडणाऱ्या कामगाराला ड्रायव्हर खाचेत पटकन मधोमध बसायला हवा होता, म्हणून खाच खाली निमुळती होत जाते. त्या निमुळतेपणाची किंमत अशी, की तुम्ही वळवण्याचा जोर वाढवता तेव्हा तिरक्या भिंती ड्रायव्हरला वर ढकलतात. खालच्या दिशेचा दाब कमी पडला की टोक उचललं जातं, फक्त वरच्या कडांवर टेकतं आणि त्या कडा सोलून काढतं. तुमच्या स्क्रूचं नेमकं हेच झालंय. खाचेचा तळ बहुतेक वेळा शाबूत असतो. तिथे पोचणारं टोक मिळालं की अर्धं काम झालं.

म्हणून मी पहिल्यांदा खाच साफ करतो. हे सांगितलं की लोकांना क्षुल्लक वाटतं, पण सहा वर्षांच्या लॅपटॉपच्या तळाशी काय असतं ते बघा: पलंगावरच्या चादरीचे धागे, घामाचा आणि तेलाचा थर, आणि आता भर म्हणून तुम्ही खरवडलेला लोखंडाचा चुरा. हे सगळं खाचेच्या तळाशी घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे नवा कोरा ड्रायव्हरसुद्धा पूर्ण खाली जात नाही. शिलाईची सुई घ्या. चारही कोपऱ्यांतून कोरून काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजवलेल्या कापसाने पुसा. परत कोरा. गेल्याच महिन्यात एका मुलीचा लॅपटॉप आला होता, दोन दुकानांतून परत आलेला. खाचेत काळं-करडं काहीतरी चोंदलेलं होतं. सुईने उकरलं तेव्हा तांदळाच्या कणीएवढा मळाचा गोळा निघाला. त्यानंतर साधा ड्रायव्हर बसला आणि स्क्रू निघाला. दुसरं काहीच करावं लागलं नाही.

मग टोकाचा आकार. लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू साधारणपणे पीएच० किंवा पीएच०० चे असतात, मोबाइलच्या आतले पीएच०००. पीएच म्हणजे फिलिप्स, आणि शून्यं जितकी जास्त तितकं टोक बारीक. बाजारातल्या ३२ टोकांच्या स्वस्त सेटमध्ये हे सगळे आकार असतात, पण त्यातलं पोलाद मऊ असतं. पन्नासेक स्क्रूंनंतर टोकाची अणी गोल होते आणि तेच टोक पुढच्या स्क्रूची खाच खातं. तुमचं टोक भिंगाखाली धरून बघा. चार पाकळ्यांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. चकाकणाऱ्या, गुळगुळीत झालेल्या असतील तर ते टोक फेकून द्या. डब्यात परत ठेवू नका, घाईच्या वेळी हाताला नेमकं तेच लागतं.

बरोबर आकार कोणता हे नावावरून न ठरवता हाताने ठरवा. न बिघडलेल्या ९ स्क्रूंपैकी एक मातीच्या गोळ्यात किंवा खोडरबरात रोवा. त्यात टोक घाला आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. अजिबात न डुगडुगणारं आणि तरीही तळापर्यंत जाणारं जे सगळ्यात मोठं टोक असेल, ते तुमचं. बहुतेक जण एक नंबर लहान टोक वापरतात, कारण ते सहज आत जातं. तिथेच घात होतो.

जपानी वस्तूंबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जुने कॅमेरे, टेपरेकॉर्डर, गेम खेळायची यंत्रं यांच्यात दिसायला फिलिप्ससारखाच पण जपानी मानकाचा, म्हणजे जेआयएसचा स्क्रू असतो. अशा कितीतरी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. त्याच्या खाचेचा कोन किंचित वेगळा असल्यामुळे फिलिप्सचं टोक तळाला टेकत नाही आणि लगेच घसरतं. जेआयएसचं टोक मात्र फिलिप्समध्ये चांगलं चालतं. मी म्हणूनच माझ्या मेजावर रोजच्या वापरालाही जपानी टोकंच ठेवली आहेत. चार चांगली टोकं घ्या, साठचा डबा घेऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत सुटी टोकं मिळतात.

आता प्रत्यक्ष फिरवणं. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. बॅटरी आधीच वापरून बरीच खाली आणलेली बरी, कारण झाकण उघडल्याशिवाय तिची वायर सोडवता येणार नाही. खाली चौपदरी टॉवेल. उभं राहून काम करा, बसून नाही. ड्रायव्हर अगदी काटकोनात उभा धरा, त्याची टोपी तळहाताच्या खळग्यात येऊ द्या आणि खांद्याचं वजन त्याच्यावर सोडा. मी शिकाऊ पोरांना सांगतो की ताकदीचे दहा आणे दाबायला आणि सहा आणे वळवायला. बारीक पेनासारख्या ड्रायव्हरने हे जमत नाही, बोटं घसरतात. जाड मुठीच्या ड्रायव्हरला ४ मिमीच्या टोकांचा जोड लावून घ्या. मुठीचा घेर वाढला की तेवढाच जोर निम्म्या कष्टात लागतो.

आणि पहिली हालचाल उलट दिशेने करा. आधी आवळायच्या बाजूला, अगदी केसभर. उघडायच्या बाजूच्या भिंती तुम्ही खाल्ल्या आहेत, आवळायच्या बाजूच्या अजून ताज्या आहेत. तिकडे स्क्रू केसभर जरी सरकला तरी आट्यांमधली पकड तुटते. कधी कधी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, हाताला तर नक्की कळतं. त्यानंतर हळू, न थांबता उघडायच्या दिशेने फिरवा. ज्या क्षणी टोक उचललं जातंय असं वाटेल त्या क्षणी थांबा. आणखी एक फेरी मारून बघू, हा मोह आवरा.

लॅपटॉपच्या स्क्रूंच्या आट्यांवर बऱ्याचदा निळा लेप असतो. तो कंपनांनी स्क्रू सैल होऊ नये म्हणून दिलेला नायलॉनचा थर असतो, कधी आटे धरून ठेवणारा लॉकटाइटसारखा द्रव असतो. बिजागरीजवळचे स्क्रू तर कारखान्यातच जरा जास्त आवळलेले असतात, कारण झाकण उघडझाक करताना सगळा ताण तिथे येतो. तुमचा तोच अडला यात नवल नाही. अशा स्क्रूला थोडी ऊब दिली की लेप मऊ पडतो. सोल्डरिंग आयर्न ३०० अंशांच्या आसपास ठेवून त्याचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. टोकाला सोल्डरचा बारीक थेंब असला तर उष्णता चांगली उतरते, पण तो खाचेत सांडू देऊ नका. धातूच्या झाकणाला सात-आठ सेकंद चालतात. प्लॅस्टिकच्या झाकणाला तीन-चार सेकंदांच्या वर जाऊ नका, कारण पितळी नळीच्या भोवतीचं प्लॅस्टिकही तेवढ्यात मऊ होतं, आणि पहिल्या प्रकारचा बिघाड सोडवायला जाऊन तिसऱ्या प्रकारचा पदरात पडतो. आयर्न काढलं की लगेच ड्रायव्हर लावा. मोबाइलमध्ये हा उपाय करू नका. तिथे स्क्रूपासून बॅटरी काही मिलिमीटरवर असते आणि लिथियमची बॅटरी उष्णता सहन करत नाही.

रबरबँडबद्दल विचारलंत. तो उपाय खोटा नाही, पण तो लाकडातल्या मोठ्या स्क्रूंचा आहे. लॅपटॉपच्या एम२ किंवा एम२.५, म्हणजे २ किंवा २.५ मिमी जाडीच्या स्क्रूच्या खाचेत जाडजूड रबरबँड घातला की सगळी जागा तोच व्यापतो आणि टोक तळापर्यंत जातच नाही. करायचंच असेल तर हातमोज्याचा किंवा फुग्याचा पातळ तुकडा घ्या. त्याहून चांगली वस्तू गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते, व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट. तिच्यात कार्बोरंडमचे कडक कण असतात. काडीने मोहरीएवढी पेस्ट खाचेत भरा आणि टोक दाबून बसवा. ते कण टोक आणि खाच या दोघांच्याही पोलादात रुततात, निसटणारं टोक एकदम धरल्यासारखं होतं. माझ्या मेजावर एक डबी आहे, कित्येक वर्षं झाली, अजून अर्धी शिल्लक आहे. काम झाल्यावर पेस्ट पुसून घ्या, पंख्याच्या बेअरिंगला ती लागता कामा नये.

एवढ्याने न निघाल्यास दुसऱ्या आकाराचं टोक बसवायचं. गोल झालेल्या खाचेत सहा पाकळ्यांचं टॉर्क्स टोक छान चावतं. टी५ चा व्यास साधारण १.४ मिमी, टी६ चा १.७ मिमी. खाचेच्या भोकात नुसतं ठेवलं तर न जाणारं, पण दाबल्यावर कडा कापत आत शिरेल असं टोक निवडा. मुठीवर लहान हातोडीने दोन-तीन हलक्या टिचक्या द्या. टिचक्या म्हणजे टिचक्याच. आत जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल तर त्याही नकोत, स्क्रीनवर किंवा काचेच्या पाठीवर तर नाहीच नाही. टॉर्क्सच्या भिंती उभ्या असल्यामुळे ते वर ढकललं जात नाही, सगळा जोर वळवण्यात जातो. हा उपाय एकदाच मिळतो हे लक्षात घ्या. टॉर्क्स घसरलं की खाच संपली. म्हणून मी तो साफसफाई, ऊब आणि पेस्ट यांच्यानंतर करतो, आधी कधीच नाही.

स्क्रूचं डोकं झाकणाच्या वर आलेलं असेल, खड्ड्यात बुडालेलं नसेल, तर मात्र खाचेचा विचारच सोडून द्या. बाहेरून धरा. जपानी इंजिनिअर कंपनीची एक पक्कड येते, तिच्या जबड्यात उभ्या खाचा असतात, गोल डोकं तिच्यात घट्ट बसतं. ती नसेल तर धारदार कटिंग प्लायर डोक्याच्या कडेला दोन बाजूंनी रुतवा आणि हळूहळू फिरवा. मदरबोर्ड, पंखा, रॅमचं झाकण यांचे स्क्रू असेच वर असतात आणि ते या एका हत्याराने दहा सेकंदांत निघतात. तुमचा स्क्रू खड्ड्यात असणार, तिथे पक्कड पोचणार नाही.

डोक्यात आडवी चीर पाडून चपटा ड्रायव्हर लावायचा उपाय खूप जण सांगतात. उघड्या डोक्याला तो ठीक आहे, सुईकानस घ्या आणि शांतपणे घासा. खड्ड्यातल्या डोक्याला चीर पाडायची तर फिरत्या चकतीने झाकणही कापलं जातं. लॅपटॉप जुना आहे, तळाला चरा पडला तरी चालेल असं तुमचं मत असेल तर तो निर्णय तुमचा. मी दुसऱ्याच्या वस्तूवर मालकाला विचारल्याशिवाय तसं करत नाही.

सुपरग्लूने टोक चिकटवणं मला पसंत नाही. पातळ ग्लू कडेने झिरपतो आणि आट्यांत उतरतो, मग अडकलेला स्क्रू कायमचा चिकटतो. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी, ॲरल्डाइटसारखा, त्यापेक्षा बरा. तो घट्ट असतो, ठेवाल तिथेच राहतो. खाच आधी अल्कोहोलने तेलमुक्त करून टाकाऊ टोक त्यात उभं चिकटवायचं आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. तरीही मोबाइलच्या बारीक स्क्रूला मी हे करून बघतो, लॅपटॉपच्या घट्ट आवळलेल्या स्क्रूला नाही. तिथे चिकटलेला सांधाच आधी तुटतो.

कोकणातून येणाऱ्या वस्तूंचं दुखणं आणखी निराळं. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत स्क्रू जागच्या जागी गंजतो, आटे आणि डोकं दोन्ही. मालवणहून एका होडीवरचं मासे शोधायचं यंत्र आलं होतं. सहा स्क्रू, सहाही तांबूस फुगलेले. अशा वेळी घाई करणाऱ्याच्या हातात डोकं तुटून येतं. गंज सोडवणारं पातळ तेल इंजेक्शनच्या सुईने एकेक थेंब स्क्रूच्या कडेला सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी परत थेंब, संध्याकाळी मुठीवर टिचक्या, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पाच निघाले, एक तुटला. तेल फवारायचं नाही, थेंबानेच द्यायचं. फवारा स्क्रीनच्या थरांमध्ये शिरला की डाग पडतो आणि तो निघत नाही, शिवाय काही प्लॅस्टिकला त्याने चिरा जातात.

आता ड्रिल. वरचं सगळं करून झालं आणि स्क्रू जागचा हललाच नाही, तर ड्रिल हा सरळ मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण आधी खाली काय आहे ते माहीत करून घ्या. तुमच्याच मॉडेलचं झाकण उघडलेलं छायाचित्र शोधा आणि झाकणावर खडूने खुणा करा की इथे बॅटरी, इथे पंखा, इथे स्क्रीनची वायर. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी तळहात टेकतो त्या बाजूला असते आणि बिजागरीपाशी पंखा, स्क्रीनची केबल, वायफायच्या बारीक तारा असतात. स्क्रूच्या बरोबर खाली बॅटरी दिसली तर काम तिथेच थांबवा आणि दुकानात न्या.

मशीनऐवजी पिन व्हाइस घ्या. बारीक ड्रिल धरून बोटांनी फिरवायची ती पितळी दांडी असते, घड्याळजी आणि सोनार वापरतात. आपल्याला स्क्रू पोखरायचा नाहीये, फक्त डोकं दांड्यापासून वेगळं करायचंय. डोक्याखालचा दांडा एम२ स्क्रूला २ मिमी, एम२.५ ला २.५ मिमी असतो. आधी १ मिमीच्या ड्रिलने मधोमध खळगा करा, मग दांड्याच्या व्यासाचं ड्रिल. उलट्या धारेचं, म्हणजे उघडायच्या दिशेने फिरणारं ड्रिल मिळालं तर तेच घ्या, कारण कित्येकदा ते कापता कापताच स्क्रू धरतं आणि बाहेर घेऊन येतं. माझे अर्धे तरी स्क्रू तसेच निघतात. नाहीतर डोकं सुटून ड्रिलवर कड्यासारखं फिरायला लागेल. तिथे लगेच थांबा. झाकण उचला. खाली दांड्याचा खुंट उभा राहिलेला असेल, तो पकडीने धरून फिरवला की सहज येतो, कारण त्याच्यावरचा ताण डोक्याबरोबरच गेलेला असतो.

लोखंडाचा कीस हा यातला खरा शत्रू. भोवती मास्किंग टेप लावा, खड्ड्यात थोडं ग्रीस भरा म्हणजे कीस त्यातच अडकतो, शेजारी जुन्या स्पीकरचं चुंबक ठेवा आणि दर काही फेऱ्यांनी पुसत जा. झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवा, मगच भिंग घेऊन बोर्ड तपासा. सोल्डरच्या दोन टाक्यांमध्ये अडकलेला एक तुकडा पुरतो बोर्ड जाळायला.

मोबाइलला ड्रिल लावू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. तिथले स्क्रू १ ते १.५ मिमी जाडीचे असतात आणि खाली जागाच नसते. मोबाइलात खाच जाण्याचं मोठं कारण चुकीचं टोक हेच आहे. आयफोनच्या तळाशी दोन पाच-पाकळ्यांचे स्क्रू असतात, त्यांना पेंटालोबचं पी२ टोक लागतं. मॅकबुकच्या तळाला पी५. आयफोन ७ पासून आत तीन पाकळ्यांचे स्क्रूही आले. या खाचांत पीएच००० घुसवून फिरवणारे मी रोज बघतो. आणखी एक गोष्ट स्क्रू काढण्याची नसून लावण्याची आहे, पण नुकसान मोठं करते. आयफोन ६ च्या स्क्रीनच्या पट्टीखाली १.२ मिमीपासून ३.१ मिमीपर्यंत वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू असतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला की तो बोर्डाच्या आतल्या तारा कापत जातो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एका फोनचं असंच झालं होतं. आवळताना शेवटी किंचित जड लागलं आणि मी दुर्लक्ष केलं. मालकाला दुसरा फोन भरून दिला. तेव्हापासून मी कागदावर वस्तूचं चित्र काढतो, प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवतो. तुमचे ते ९ स्क्रू वाटीत एकत्र टाकले असतील तर आत्ताच लांबीनुसार वेगळे करा.

रेघेच्या चाचणीत तुमचा स्क्रू फिरतोय पण वर येत नाही असं निघालं, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. झाकणाच्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड सरकवा, स्क्रूच्या अगदी जवळ हलकासा उचल द्या आणि उचल कायम ठेवून फिरवा. उरलेल्या आट्यांना वरून ताण मिळाला की स्क्रू चढायला लागतो. नळी फिरत असेल तर तिला बाजूने रोखावं लागतं, त्यासाठी कधी शेजारचे सगळे स्क्रू काढून झाकण वाकवून आत चिमटा घालतो. नंतर ती नळी सोल्डरिंग आयर्नने परत जागेवर बसवता येते, भोवती इपॉक्सी लावून पक्की करता येते. बिजागरीखालची नळी सुटलेली असेल तर हे टाळू नका. ती तशीच राहिली की झाकण उघडताना बिजागरी प्लॅस्टिक फाडून बाहेर येते, आणि मग पूर्ण खालचा भाग बदलावा लागतो.

थेट प्लॅस्टिकात रुतणारे स्क्रू असलेल्या वस्तूंत, म्हणजे रिमोट, रेडिओ, गायकांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा, आटे प्लॅस्टिकातच कापलेले असतात. दर वेळी स्क्रू नवे आटे कापत गेला की तिसऱ्या-चौथ्या उघडण्यात खांब पोकळ होतो. परत लावताना स्क्रू आधी उलटा, उघडायच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवा. एका जागी तो ‘टप्’ करून किंचित खाली पडेल, तिथे जुना आटा सापडला. तिथून पुढे आवळा. पंचवीस वर्षांचे टेपरेकॉर्डर मी असे उघडून बंद केले आहेत, खांब अजून धरतात.

तुमच्या लॅपटॉपला हा क्रम लावा. आज सुईने खाच साफ करा आणि रेघेची चाचणी घ्या. उद्या एक चांगलं टोक आणि पेस्ट आणा, तीन सेकंद ऊब, आधी आवळून मग सोडा. नाही निघाला तर टी५ किंवा टी६, एकच प्रयत्न. त्यानंतर पिन व्हाइस. निघालेला स्क्रू परत लावू नका, दिसायला चांगला असला तरी. दुकानदाराकडे भंगार लॅपटॉपांचे स्क्रू डबाभर असतात. तुमचा जुना स्क्रू बरोबर न्या, आटे आणि लांबी जुळवून घ्या. डोक्याची जाडीही बघा, बिजागरीच्या खड्ड्यात जाड डोकं बसत नाही. लावताना बिजागरीचे सगळे स्क्रू आधी बोटांनी धरतील एवढेच फिरवा, स्क्रीन उघडून-मिटून बघा, आणि मग एकेक करून आवळा. हात थांबला की थांबायचं.